निळ्या अक्षरांतलं गाव

नोकरीची पहिली तीन वर्षं मी फक्त नद्या काढल्या.

हे सांगितलं की लोक हसतात. पण आमच्या नकाशा कार्यालयात कामाची वाटणीच तशी होती. एका नकाशाला आम्ही शीट म्हणायचो, आणि एका शीटच्या पाच-सहा फिल्मा असत, प्रत्येक रंगाची वेगळी. काळीवर रेल्वे आणि गावांची नावं, लालवर रस्ते आणि घरं, तपकिरीवर डोंगरांच्या उंचीच्या रेषा, हिरवीवर जंगल, निळीवर पाणी. छापताना त्या एकावर एक बसत आणि कागदावर मुलूख उभा राही. नव्या मुलीच्या हाती निळी फिल्म द्यायची असा रिवाज होता, कारण नदी काढताना हात जरा हलला तरी खपतं. रेल्वेत हलला तर गाडी पडेल, असं आमचे हेड श्रीवास्तवजी म्हणायचे.

ऑफिस जबलपूरच्या सिविल लाइंसमधल्या एका बैठ्या बंगल्यात होतं. माझं टेबल काचेचं, काचेखाली ट्यूबलाइट. जुनं शीट खाली ठेवायचं, नवी फिल्म वर, म्हणजे खालच्या उजेडात जुन्या रेषा वर उमटून येत. दुपारचा डबा झाला की कडुनिंबाची सावली खिडकीच्या पडद्यावर हलू लागायची, पंखा एका लयीत कुरकुरायचा, आणि पेन नर्मदेच्या काठाकाठानं चालायला लागलं की आपण कुठं बसलोय याचा विसर पडायचा. वळणावरची वाळू ठिपक्यांनी दाखवतात. ते ठिपके देताना माझ्या तळपायांना वाळू लागायची. श्रीवास्तवजी मागून हलकेच विचारायचे, "सुनंदाजी, कहां पहुंचीं?" मी म्हणायची, "मंडला, सर." ते अगदीच खोटं नसायचं.

एकदा अशाच गुंगीत मी एक नाला डोंगरावर चढवला. उंचीच्या रेषा तपकिरी फिल्मवर होत्या, नाला माझ्या निळीवर, आणि दोन्ही एकत्र ठेवून बघायचं मी विसरले. छपाईला जायच्या आदल्या दिवशी श्रीवास्तवजींनी पकडलं. ते रागावले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, हा नाला फार कष्टाळू आहे, पण याला खाली उतरवा. पुढं कुणी नवी मुलगी आली की तिला मी ही गोष्ट आधी सांगायची, माझी म्हणूनच.

आमच्या रेकॉर्ड रूममध्ये एकाच मुलखाची चार वयांची शीटं होती. सगळ्यांत जुनं कापडावर चिकटवलेलं. कुणा गोऱ्या कप्तानानं तंबू ठोकत, सामान वाहणारे खलाशी आणि हत्ती बरोबर घेऊन ते केलेलं. त्याची स्वतःची वाट तेवढी बारकाईनं काढली होती. कुठं उतार, कुठं प्यायचं पाणी, कुठं वाघाचं भय, सगळं. वाटेच्या दोन्ही अंगांना मात्र कोरा कागद. दुसऱ्या शीटमध्ये त्या कोऱ्या कागदातून रेल्वेची काळी रेघ आली, लष्कराची छावणी आली, जंगलाला सरकारी हद्द पडली, आणि जबलपूरच्या कडेला पहिले कारखाने. तिसरं स्वातंत्र्यानंतरचं. त्यात कारखान्यांभोवती क्वार्टरच्या रांगा, शाळा, विजेच्या तारा. चौथं आमच्या हातचं. कधी वेळ असला की मी तिसरं आणि चौथं काचेवर एकावर एक ठेवायची आणि बघत बसायची. सगळा देश पाण्याखालून दिसल्यासारखा दिसायचा, जुन्या वाटा नव्या रस्त्यांच्या तळाशी.

माझे बाबा तिसऱ्या शीटमधले. भंडाऱ्याकडून आले, तोफांच्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात लोखंड ओतायच्या कामाला लागले आणि जबलपूरच्या कांचघर भागात बिऱ्हाड केलं. मला नोकरी लागल्यावर त्यांना एकदा ऑफिस दाखवायला नेलं. आमचं घर शीटवर दाखवलं, डाळीच्या दाण्याएवढं लाल. ते खूश झाले. मग म्हणाले, "आपलं गाव दाखव." भंडाऱ्याकडचं शीट काढलं. गाव सापडलं, नाव ठळक होतं. बाबांनी बोट गावावर ठेवलं नाही. नाल्याच्या पलीकडं चार लाल ठिपके होते, वेगळे पडलेले, बिननावाचे. तिथं ठेवलं.

"हे आपुन," ते म्हणाले.

मी विचारलं, याला नाव नव्हतं का काही. ते म्हणाले, "नाव तं होतं. पण ते इचारायला कोन येईन त्या काठावर?" मग त्यांनी पेन कसं धरतात ते विचारलं आणि विषय संपला. त्यांच्यापुरता. माझ्या डोक्यात तो राहिला.

नावांचं काम मला दहाव्या वर्षी मिळालं. ते आमच्याकडं मानाचं. नावं बारीक टाइपात छापून येत, मागं मेण लावलेलं. चिमट्यानं उचलून फिल्मवर जागच्या जागी बसवायची आणि बोटानं दाबायची. नियम साधा होता. नाव आपण ठरवायचं नाही. तिथं राहणारी माणसं जे म्हणतात ते सर्वेअर यादीत लिहून आणतो, खाली सह्या-अंगठे घेतो, आणि तेच शीटवर जातं. इंग्रजी अक्षरांत, पण नाव त्यांचं.

आणि नाव काढायचं असेल तर ब्लेडनं खरवडायचं.

जबलपूरच्या वरच्या अंगाला नर्मदेवर धरण झालं, पाणी भरलं, आणि ते शीट दुरुस्तीला माझ्याकडं आलं. विमानातून काढलेल्या फोटोंवरून पाण्याची नवी कड निळ्या फिल्मवर आखली गेली होती. त्या कडेच्या आतलं सगळं बाकीच्या फिल्मांवरून काढायचं होतं. वाटा, विहिरी, घरं, नावं. त्या दिवशी ऑफिसात कुणाच्या तरी बढतीचे समोसे आले होते. माझा समोसा कागदात तसाच ठेवून मी खरवडत होते. मोठ्या वळणाच्या काठी कोहाघाट नावाचं एक गाव होतं. लालवरून घरं काढली, काळीवरून नाव. भुकटी फुंकरीनं उडवली. मग समोसा खाल्ला. तेव्हा मला काही वाटलं होतं असं आता लिहायला आवडेल, पण तसं काही वाटलं नव्हतं. स्वच्छ काम झालं, एवढंच वाटलं.

आठवड्यातून एक दिवस माझी विक्रीच्या खिडकीवर पाळी असे. नकाशे घ्यायला येणारी माणसं अजब असत. एक परिक्रमावासी बाबा आला होता. त्याला नर्मदा हवी होती, पण शीट हातात दिलं की तो ते फिरवायचा. उत्तर वर असते हे त्याला मान्य नव्हतं. तो म्हणाला, मैया नेहमी उजव्या हाताला पाहिजे. शेवटी शीट उलटं धरून, समाधानानं घेऊन गेला.

त्याच खिडकीवर धनसिंग मरावी आले. साठीचे, सडपातळ, डोक्याला गमछा. बसनं आणि त्याआधी नावेनं आले होते. त्यांना त्यांचं गाव बघायचं होतं. मी गावाचं नाव विचारलं. ते म्हणाले, "कोहाघाट."

मी म्हटलं, नव्या शीटवर ते नाही. ते म्हणाले, ठाऊक आहे, म्हणून तर जुनं बघायला आलो. जुन्या प्रती विक्रीला शिल्लक नव्हत्या. ऑफिसची प्रत बाहेर न्यायची परवानगी नव्हती, पण आत बसून बघायला कुणी ना म्हणत नसे. मी त्यांना काचेच्या टेबलाशी बसवलं, शीट पसरलं आणि खालचा दिवा लावला.

त्यांना वाचता येत नव्हतं. बराच वेळ ते नुसते बघत राहिले. मी नाव दाखवायला हात पुढं केला, तर त्यांनी थांबवलं. मग नदीच्या वळणावर बोट ठेवलं आणि वळणाच्या आकारावरून आपलं गाव आपणच शोधून काढलं. तिथून बोट चालायला लागलं. हा आमचा नाला. इथं डोह, उन्हाळ्यातही आटायचा नाही. इथं कोहाची, म्हणजे अर्जुनाची, तीन झाडं होती, घाटावर सावली त्यांचीच, म्हणून कोहाघाट. इथं माझं शेत, इथं बायकोला जाळलं. यातलं काहीच शीटवर नव्हतं, आणि ते तर वाचून दाखवल्यासारखं सांगत होते. माझा चहा गार झाला. त्या दुपारी मी कितीतरी वेळ त्या गावात होते.

नंतर ते वर्षातून एकदा, होळीच्या आसपास येऊ लागले. यायचे, तासभर बघायचे, जायचे. मला दीदी म्हणायचे. मी ट्रेसिंगचा एक तुकडा शीटवर ठेवून त्यांनी सांगितलेल्या जागा पेन्सिलीनं टिपू लागले. कशासाठी, ते मला ठाऊक नव्हतं.

त्यांच्याकडूनच कळलं की गाव उठल्यावर बरीच घरं पाण्याच्या कडेला टेकडीवर जाऊन राहिली. ती वस्ती शीटवर होती, लाल ठिपके होते, पण नाव नव्हतं. कागदोपत्री कुणी तिला विस्थापित टोला, म्हणजे उठवलेल्यांची वाडी, म्हणे, कुणी काहीच म्हणत नसे. आणि त्या सुमारास खेड्यापाड्यांना रस्ते देण्याचं काम निघालं. यादी करणारे इंजिनिअर आमचीच शीटं पसरून बसत. ठिपक्यांना नाव नसलं की यादीत ओळ नसे. त्या टेकडीवरून दवाखान्याला जायचं तर नावेतूनच जावं लागे.

शीटची नवी आवृत्ती निघणार होती. मी श्रीवास्तवजींकडं गेले आणि म्हटलं, त्या ठिपक्यांना कोहाघाट नाव देऊ. ते म्हणाले, "आप देंगी? आप कौन होती हैं देनेवाली?" खोचकपणे नव्हे, नियम म्हणून. मग यादीचा कोरा फॉर्म पुढं सरकवला. माझं काम टेबलावरचं, सर्वेअर नेहमी पुरुष असत. पण ते म्हणाले, सर्वेअरबरोबर जाऊन या, निदान तुमच्या नद्यांना पाणी असतं का ते तरी बघाल.

नोकरीत मी पहिल्यांदाच माझ्या शीटच्या आत जात होते. हिवाळ्याची सकाळ होती. बसनं काठापर्यंत, मग नाव. धनसिंग घ्यायला आले होते. पाणी इतकं रुंद होतं की मला ती नदी वाटेना. एका ठिकाणी वाळलेल्या झाडाचे शेंडे पाण्यातून वर आले होते आणि त्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. धुकं होतं. खाली वाटा आहेत, विहिरी आहेत, आणि आपण त्यांच्यावरून सरकतोय, असं वाटत होतं.

फॉर्मवर मी घरूनच कोहाघाट असं लिहून नेलं होतं. पेनानं. ती माझी चूक.

वस्तीवर माणसं जमली. सर्वेअरनं विचारलं, या जागेला काय म्हणता. म्हाताऱ्यांनी कोहाघाट सांगितलं. मी मान डोलावली. तेवढ्यात धनसिंगांची सून फूलवती पुढं आली. तिशीची असेल, कडेवर मूल. ती म्हणाली, "वो नाम मत लिखो."

मी विचारलं, काहून? मराठीच निघालं तोंडातून, पण तिला कळलं.

ती म्हणाली, "दीदी, कोहाघाट बोलते हैं तो बाबू रजिस्टर देखके बोलता है, वो गांव तो डूब गया. हम सामने खडे हैं, और वो बोलता है डूब गया. मेरी पहली लडकी नाव में हुई. हमको डूबे हुए का नाम नहीं चाहिए."

मला तिचा राग आला, हे खरं सांगते. इतकी वर्षं हा म्हातारा बसनं येतोय, मी पेन्सिलीनं झाडं टिपतेय, आणि ही उभी राहून नको म्हणते. मग बाबांचं बोट आठवलं. त्या बिननावाच्या ठिपक्यांचं नाव काय, हे ठरवायला मी त्यांच्या काठावर आले होते, पण विचारायला नाही, सांगायला. फूलवतीला मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणता? ती म्हणाली, आम्ही बायका ऊपरटोला म्हणतो. वर राहतो म्हणून.

तासभर वाद झाला. म्हातारे उठून गेले, परत आले. धनसिंग एका दगडावर बसून होते. शेवटी सगळे त्यांच्याकडं बघू लागले. ते म्हणाले, "बहू ठीक कह रही है. रहना इनको है." मी फॉर्मवरचं कोहाघाट खोडलं आणि ऊपरटोला लिहिलं. धनसिंगांनी पहिला अंगठा दिला.

परतताना ते आम्हाला पलीकडच्या काठापर्यंत पोचवायला नावेत बसले. दुपार कलली होती, पाणी शिशासारखं. मला राहवेना. मी त्यांना सांगितलं की तुमचं गाव शीटवरून मीच काढलं, माझ्या हातानं, ब्लेडनं.

त्यांनी विचारलं, "कितना टाइम लगा?"

"दहा मिनिटं," मी म्हटलं. "दस मिनट."

त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. मग म्हणाले, "हमको निकलने में तीन बरसात लगी." त्यात ठपका नव्हता. दोन कारागिरांनी कामाचा वेळ ताडून पाहावा तसं म्हणाले.

तेवढ्यात नावाड्यानं वल्हं थांबवलं. तरुण मासेमार होता, धरण झाल्यावर जन्मलेला. म्हणाला, जरा थांबतो, कोहाघाटात जाळं लावलंय, बघून घेतो.

मी ताठ बसले. विचारलं, कुठं? त्यानं नावेखाली बोट दाखवलं. इथं. मी विचारलं, याला सगळे कोहाघाट म्हणतात? त्याला प्रश्नच विचित्र वाटला. म्हणाला, "और क्या बोलेंगे? जाल कहां है, बताना तो पडता है." त्या पसरलेल्या पाण्याचे असे किती तरी भाग त्यांनी वाटून घेतले होते आणि प्रत्येकाला बुडालेल्या गावाचं नाव होतं. ज्यांनी ती गावं पाहिलीही नव्हती ते रोज त्या नावांनी एकमेकांना हाका घालत होते.

आमच्या फॉर्मला मागची बाजू असते. तिथं पाण्यांची नावं लिहितात, नाले, तळी, डोह, घाट. ती बाजू सहसा कोरीच परत येते. मी मांडीवर फॉर्म उलटा केला आणि विचारलं, "इस पानी का नाम क्या है?" या वेळी आधी लिहिलं नाही. नावाड्यानं नाव सांगितलं, मग मी लिहिलं. त्यानं वाकडीतिकडी सही केली. धनसिंगांचा अंगठा घेताना नाव डुलली आणि ठसा जरा पुसट झाला. सर्वेअर म्हणाला चालेल.

श्रीवास्तवजींनी फॉर्म दोन दिवस टेबलावर ठेवला. बुडालेलं नाव परत येतंय, हे त्यांना कळत होतं. वरून विचारणा झाली तर उत्तर त्यांनाच द्यावं लागणार होतं, आणि निवृत्तीला थोडे महिने उरले होते. तिसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, यादीत सही आहे, जागा आहे, लोक म्हणतात. "पानी का नाम है, तो नीले में दीजिए." एवढंच. ऊपरटोला काळ्या फिल्मवर गेलं, उभ्या अक्षरांत. कोहाघाट निळीवर, तिरक्या अक्षरांत, कारण पाण्याची नावं आमच्याकडं तिरकी लिहितात. ते नाव मी बसवलं, ते केसभर वाकडं बसलं. निळी फिल्म होती, खपून गेलं.

त्यानंतर काही वर्षांतच काचेची टेबलं गेली, कॉम्प्युटर आले. मी तेही शिकले, आणि खोटं कशाला बोलू, नाला डोंगरावर चढवला की ते यंत्र स्वतःच ओरडतं, हे बरंच आहे. फक्त त्यात माणूस मंडल्याला पोचत नाही.

ऊपरटोल्याचा रस्ता दुसऱ्या यादीत आला. कच्चा आधी, मग डांबरी. त्या रस्त्यानं जीप सुरू झाल्यावर फूलवती सासऱ्यांना घेऊन ऑफिसात आली. ती शीटवर आपल्या वस्तीचं नाव बघून हसली, दोन मुलींना दाखवायचं म्हणून एक प्रत विकत घेतली, आणि धनसिंगांना म्हणाली, बाबूजी, तुमचंही बघा.

धनसिंग फार थकले होते. मी शीट पसरलं. काळं ऊपरटोला त्यांनी पाहिलं, मान हलवली. मग मी त्यांचं बोट धरून निळ्या पाण्यावर नेलं आणि म्हटलं, हे कोहाघाट. त्यांनी डोळे बारीक करून दोन्ही नावं आळीपाळीनं पाहिली. वाचता येत नसलं तरी अक्षरांचा आकार त्यांना कळत होता.

"ये टेढा काहे लिखा है?"

मी सांगितलं, पाण्याची नावं तिरकी लिहितात. पाणी वाहतं ना, म्हणून.

ते थोडा वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिले. मग माझ्याकडं बघून, मला समजावून सांगावं तसं म्हणाले, "पर दीदी, ये पानी तो बहता नहीं है. खडा है."

फूलवतीनं शीटची गुंडाळी केली, पदराच्या गाठीतल्या दोऱ्यानं बांधली, आणि आम्ही तिघं जीपच्या स्टँडपर्यंत सावकाश चालत गेलो.